अंगणातलं कूळ

कऱ्हाटी,
४ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपास,

आजीचा आशीर्वाद. लागला तर घे, न्हाय तर पाकिटातच राहू दे.

तुझं पत्र पोचलं. म्हस्कू पोस्टमननं ते आधी तुझ्या बापाच्या हातात दिलं. बापानं पाठीमागचं नाव वाचलं आन् माझ्याकडं फेकून म्हणला, "घे आई, नातीनं इंदापुरात राजवाडा घेतला." मी फोनवर बोलत न्हाय ह्याचं लोकांना वाईट वाटतं, मला न्हाय. बारामतीच्या डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र दिलंय, त्यात तुझ्या आईनं आपटलेली भांडी तेवढी साफ ऐकू येत्यात. तवा तू लिहीत जा. माझी तिसरीपर्यंतची शाळा कुठंतरी कामाला यील.

तर राजवाडा. दहा बाय बाराची खोली, मोरी आतच, पुढं अंगण, अकरा महिन्यांचा करार आन् मालकाच्या अटी पानभर. त्या मी दोनदा वाचल्या, करमणूक म्हणून. भिंतीला खिळा मारायचा न्हाय. मग कॅलेंडर कुठं लावायचं, कपाळाला? मटण शिजवायचं न्हाय. दिवेलागणीच्या आत घरात यायचं. अगं, तू लोणी देवकरच्या कंपनीत कामाला, तितं दुसरी पाळी सुटती रात्री. त्या दिवशी दिवेलागण कवा धरायची ते त्या तुझ्या मालकाकडनं, रावजीकडनं लिहून घे. बाप आन् भाऊ सोडून पुरुषमाणूस दारात नको. बाप यायला तयार न्हाय, भाऊ देवानं दिला न्हाय, म्हंजी ही अट तू आधीच पाळलीस.

आता बापाचं ऐक. काल जेवताना त्यानं जाहीर केलं. मी यंत्र मुद्दाम घातलं हुतं. म्हणला, संक्रांतीपर्यंत खोली टिकली तर पोरगी खुशाल नोकरी करू दे. त्याच्या आत मालकानं हाकललं, तर सामान ट्रॉलीत आन् पोरगी भिगवणच्या पाव्हण्यांच्या घरात. भिगवणचा पोरगा मी बघितलाय. बोलत न्हाय, नुसता चहाच्या कपाकडं बघतो. कप चांगला हुता, त्याचं काय चुकलं न्हाय.

म्हंजी बघ, तुझी नोकरी कंपनीच्या हातात न्हाय, रावजीच्या हातात हाय. त्याच्याशी गोड राहा. गोड राहणं आपल्या घराण्यात अजून कुणाला जमलं न्हाय, तू पयली.

पाकिटात कागदाच्या दोन पुड्या हायती. एकीत मेथी, एकीत हरभरा. अंगण हाय तर एक वाफा कर. बापाचं नऊ एकर रान असताना मेथीची जुडी इकत घ्यायची लाज वाटली पायजे. पर मालकाला इचारून कर, न्हाय तर म्हणंल भुईला खिळा मारला. म्हस्कू म्हणतो पाकीट वाजतंय. म्हणलं, वाजू दे, तू नको ऐकू.

खाली सही केलीय, बघ. एवढी फर्डी सही आपल्या घरात कुणाची न्हाय.

तुझी आजी,
दगडाबाई


इंदापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,

नमस्कार. आशीर्वाद पाकिटातून काढून घेतला, पुड्यांच्या मधे चेपला होता.

वाफा झाला. रावजीकाका तलाठ्याच्या हाताखाली बत्तीस वर्षं कोतवाल होते, त्यामुळं कुणी काही विचारलं की त्यांच्या तोंडून आधी "अर्ज करा" येतं. दोन दिवस विचार करून त्यांनी अंगणाच्या कडेला चार हात लांब, दोन हात रुंद जागा पावलांनी मोजून दिली. रविवारी खणली, पेरली. परवा मेथीनं डोकं वर काढलं. दिवेलागणीचंही मिटलं. कंपनीची गाडी मला स्टँडवर सोडेल तीच माझी दिवेलागण, असं त्यांनी ठरवून दिलं. मटण मात्र नाही. ते स्वतः दर रविवारी चुलतभावाकडं "काम आहे" म्हणून जातात आणि दात कोरत परत येतात.

कंपनीत मी बाटल्यांची झाकणं तपासते. झाकण बसतं की नाही, एवढंच बघायचं. बाबांना सांगू नकोस.

छबूकाकू म्हणजे मालकीणबाई. लग्न होऊन या घरात आल्याला त्यांना अडतीस वर्षं झाली, आणि अडतीस वर्षांत त्यांनीही भिंतीला एक खिळा मारलेला नाही. त्यांना वाचता येत नाही, पण पत्र ऐकायला फार आवडतं. तुझं ऐकवलं. कपाळाला कॅलेंडर लावायचं ऐकून त्यांना हसून उचकी लागली. दुसरी पाळी असली की वाफ्याला पाणी त्याच घालतात, खुरपतातही. मी "राहू द्या" म्हटलं की म्हणतात, "तेवढाच माझा जीव रमतो. तू झाकणं बघ."

परवा त्यांनी विचारलं, तुमची जमीन पहिल्यापासूनची का? मला सांगता येईना. वरच्या दोन एकरांची काहीतरी गोष्ट आहे ना? सविस्तर लिही. काकू ऐकायला बसणार आहेत.

तुझी,
स्वरूपा


कऱ्हाटी,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपास,

आशीर्वाद मागचाच, नवा काढलेला न्हाय.

झाकणांचं मी बापाला सांगितलं. तू सांगू नको म्हणलीस म्हणून ध्यानात राहिलं. पाच मिनिटं हसला. म्हणला, कॉलेजात घातली ती झाकणं बघायला? म्हणलं, तू जलमभर उसाची कांडी बघतोयस, तुला कुणी हसलं का?

छबूबाईंना माझा नमस्कार सांग आन् त्यांना नीट टेकून बसव. गोष्ट ऐकायची तर पाठ मोकळी पायजे.

वरचं दोन एकर आपलं नव्हतंच. मालक पुण्यात. वरसातनं एकदा यायचा, हुरडा खायला. रान कसायचा माझा सासरा. बैल त्याचं, बी त्याचं, घाम त्याचा आन् अर्धी ज्वारी मालकाची. असं दुसऱ्याचं रान कसणाऱ्याला कूळ म्हणायचं. मग कायदा आला की कसंल त्याची जमीन. तलाठी बांधावर आला, इचारलं, हितं पीक कुणाचं? सासरा त्या साली हिवतापानं पडलेला, ज्वारी पेरलीच नव्हती. पर कडंला दोन तास, म्हंजी दोन ओळी, हरभरा टाकला हुता. त्यानं त्या हरभऱ्यावर बोट ठेवलं आन् म्हणला, "माझं." संपलं. पुण्यासनं मालक कागद नाचवत आला तवर सातबाऱ्यावर नाव चढलं हुतं. हे मला सासूनं सांगितलं, आन् ती खोटं फक्त माझ्याविषयी बोलायची.

म्हणून ध्यानात ठेव पोरी. मालकापाशी कागद असतो, कुळापाशी हरभरा असतो. आन् हरभरा जिंकतो.

आता तुझा बाप पाव्हण्यांना ते रान असं दावतो, जणू त्यानं पोटातनं आणलं. पन्नास वर्षं तितं पाण्याची दारं मी धरली, वाफ्यावाफ्यात पाणी फिरवलं. त्याचा बूट चिखलात गेलेला मी बघितला न्हाय.

हरभरा ईतभर झाला की शेंडं खुड. खुडलं की फुटवा येतो. खुडलेल्याचा घोळाणा कर, कांदा, तिखट, वर तेल. माणसाचं बी असंच असतं, असं एखादा कीर्तनकार सांगंल. मला फक्त घोळाणा म्हाईत हाय.

मालकाशी गोड राहतीस ना?

तुझी आजी,
दगडाबाई


इंदापूर,
१४ डिसेंबर २०२५

ती. आजीस,

नमस्कार. इथं सगळं छान आहे. काम छान चाललंय. खोली छान आहे. हवाही छान आहे.

आता बियाणं पाठवू नकोस. आणि पत्रात जमिनीबद्दल काही लिहू नकोस. कायद्याबद्दल तर नकोच. थंडी किती पडली, म्हैस दूध किती देते, असलं लिही.

माळ्यावरची माझी लोखंडी पेटी रिकामी आहे का, की आईनं तिच्यात गोधड्या भरल्यात? सहज विचारते.

तुझी,
स्वरूपा


कऱ्हाटी,
१८ डिसेंबर २०२५

चि. स्वरूपास,

थंडी पडली. म्हैस आटली. झालं समाधान?

पाच ओळीच्या पत्रात चार छान हायती. माझ्या लग्नात बी एवढं छान नव्हतं. आन् पेटी सहज कुणी इचारत न्हाय. पेटी इचारत्यात दोघं, नवरी आन् हाकललेला.

परवा तुझा बाप ट्रॉली धुवत हुता. ऊस तोडणी चालू, ट्रॉली रोज साखर कारखान्यावर चिखलात जाती, आन् हा गडी पाईप लावून तिला घासतोय. म्हणलं, काय रं संभाजी, ट्रॉलीचं लगीन हाय? म्हणला, "एकतीसला इंदापूरला जायचंय." आन् शीळ घातली. यंत्र कानात नव्हतं, पर ओठ दिसले. ह्याच्या आधी त्यानं शीळ घातली ती तुझ्या आईला बघायला निघाला तवा. त्याचा बी काय फायदा झाला न्हाय.

करारावर बापाचा फोन नंबर हाय. म्हंजी रावजीनं त्याला फोन केला. म्हंजी बापाला ठाव, आईला ठाव, ट्रॉलीला ठाव. ठाव न्हाय ते मला एकटीला, आन् गोष्टी सांगायला मी.

खरं लिही. लाज वाटत असंल तर बारीक अक्षरात लिही. मटण शिजवलंस का? शिजवलं असशील तर निदान नीट शिजलं का, ते सांग.

तुझी आजी,
दगडाबाई


इंदापूर,
२२ डिसेंबर २०२५

ती. आजीस,

मटण नाही. हरभरा.

तुझं गोष्टीचं पत्र मी ओट्यावर बसून काकूंना वाचून दाखवत होते. मागं खिडकीत रावजीकाका पेपर वाचत बसले होते, ते मला माहीतच नव्हतं. "आन् हरभरा जिंकतो" असं मी जरा हावभाव करून वाचलं, आणि मागं पेपर खाली पडल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन आले आणि वाफा मोजला. ही जागा अजून बिगरशेती झालेली नाही म्हणे. वर घर आहे, पण सातबाऱ्यावर शेतच आहे. "आणि शेतात पीक उभं केलंय पोरीनं," ते कुणाशी नाही तर वाफ्याशीच बोलत होते. त्याच आठवड्यात मी दुसरा घोळ घातला. वाफ्याचा फोटो काढून मैत्रिणींना दिसेल असा लावला, खाली लिहिलं, "माझं पहिलं पीक." कुणीतरी तो काकांना दाखवला. हल्ली शेतकरी फोनवर फोटो काढून सरकारात पिकाची नोंद करतात ना? झालं. काका म्हणाले, "नोंद केलीस! बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात कुळं लागलेली बघितली. माझ्या अंगणात लागू देणार नाही. महिनाअखेर खोली खाली कर."

मी म्हटलं, काका, आत्ता उपटून टाकते. खरंच वाकले. तर काकूंनी माझं मनगट धरलं. "फुलावर आलेला हरभरा उपटत नसत्यात." काका म्हणाले, उपटून उपयोग नाही, पेरल्याचा पुरावा झाला. आता ते दिवसभर वाफ्यासमोर खुर्ची टाकून बसतात. काकू त्यांच्या खुर्चीला वळसा घालून तांब्यानं पाणी घालतात. परवा शेळी घुसली. काका खूश होऊन बघत राहिले, काकूंनी खराटा घेऊन हाकलली. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

इंदापुरात आणखी दोन खोल्या बघितल्या. एकीच्या मालकिणीनं विचारलं, लग्न झालंय का? दुसऱ्यानं विचारलं, आधीची खोली का सोडताय? हरभऱ्यामुळं, म्हटलं. त्यानं दार लावून घेतलं.

म्हणजे एकतीसला बाबा येणार. कंपनीत मी अजून काही सांगितलेलं नाही. झाकणंच असतात गं, पण मी पास केल्याशिवाय एक बाटली बाहेर जात नाही. मला ते आवडायला लागलंय.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पत्रामुळं झालं असं मी म्हणत नाही. तुझ्या पत्रामुळंच झालं, पण मी म्हणत नाही.

तुझी,
स्वरूपा


कऱ्हाटी,
२५ डिसेंबर २०२५

रा. रा. रावजी यांस,

कऱ्हाटीहून दगडाबाईचा रामराम.

मी तुमच्या भाडेकरणीची आजी. पोरीचा गुन्हा कळला. तिनं तुमच्या परवानगीनं, तुमी मोजून दिलेल्या जाग्यात, मूठभर हरभरा पेरला. चार हात बाय दोन हात. माझ्या सरणाला ह्याच्यापेक्षा जास्त जागा लागंल, आन् तितं बी माझं नाव लागणार न्हाय. पर तुमी सावध माणूस. सावध माणसाचं मला कौतुक हाय, त्याला झोप लागत न्हाय, घराची राखण फुकटात हुती.

तुमी कचेरीतलं, मी तिसरीतली. तरी कूळ कोण, ते आपण दोघं मिळून बघू.

बी माझं. ते मी सोडलं. वाफा पोरीनं खणला, एक दिवस, तो बी रविवार. एका दिवसाच्या घामावर कूळ लागत असतं तर ऊसतोडीवालं आज साखर कारखान्याचं मालक असतं. मग रोज पाणी कुणी घातलं? खुरपलं कुणी? शेळी घुसली तवा तुमी खुर्चीत हुता, मग हाकलली कुणी? पोरगी तर कंपनीत झाकणं बघत हुती. मी नाव घेत न्हाय. तुमच्या घरातलंच माणूस हाय, दोन येळा तुमच्या ताटात भाकरी वाढतं.

म्हंजी रावजी, तुमी पोरीला काढताय आन् खरं कूळ घरातच ठेवताय. अडतीस वर्षं त्या बाईनं तुमचं अंगण झाडलं, सारवलं, पाणी मारलं. पगार न्हाय, रजा न्हाय, आन् रिटायर तर तुमी एकटंच झाला. माझ्या सासऱ्याला दोन तास हरभरा पुरला. हितं अडतीस वर्षांचा ताबा हाय. तुमच्या उंबऱ्यापासनं पत्र्यापर्यंत काय काय कुणाचं झालं असंल, ते तुमी खुर्चीत बसलाच हाय तर निवांत काढा.

उपाय बी सांगते. हरभऱ्यावर हक्क न्हाय असं पोरगी लिहून दील. मी बी दीन, मला सही येती. उरल्या छबूबाई. त्यांच्याकडनं तेवढं सोडपत्र करून घ्या, म्हंजी घर निर्धोक झालं. एका अंगठ्याचं काम. ते न करता पोरीला काढली तर रोग तसाच ठेवून शेजाऱ्याला सुई टोचल्यासारखं हुईल.

हे पत्र छबूबाईंना वाचून दावू नका. तुमचा चष्मा सापडत नसंल तर मात्र पोरीकडनं वाचून घ्या. मोठ्यानं.

आपली,
दगडाबाई


इंदापूर,
४ जानेवारी २०२६

ती. आजीस,

नमस्कार, आणि यावेळी साष्टांग.

पत्र तीस तारखेला आलं. काकांनी ते खुर्चीतच उघडलं. अर्धं वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग उठून आत गेले. मला वाटलं फाडणार. आजी, त्यांनी फुलस्केप कागद काढला आणि खरोखर सोडपत्र लिहिलं! मोत्यासारखं अक्षर. नोकरीतली शाईची डबी अजून कपाटात आहे, तीही आणली. काकूंपुढं ठेवून म्हणाले, "इथं अंगठा दे."

काकूंनी हात पदराला पुसला आणि मला म्हणाल्या, "वाच." मी वाचलं. सदर अंगणातील हरभऱ्यावर व जागेवर माझा कोणताही हक्क नाही, व असल्यास तो मी राजीखुशीनं सोडत आहे.

काकू म्हणाल्या, "असल्यास म्हंजी?"

"म्हणजे, असला तर," काका म्हणाले.

"हाय का?"

"नाही."

"मग सोडू काय? नसलेलं सोडायचं कसं? आधी नाव लावा, मग सोडते."

काका म्हणाले, "अगं, नुसती पद्धत असते ती."

"अडतीस वर्षं पद्धतच चाललीय," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं रुसल्या. तर खलबत्त्यातला बत्ता घेऊन बाहेर आल्या, दुसऱ्या हातात चार बोटं लांब खिळा. तरातरा माझ्या खोलीत शिरल्या आणि दाराच्या समोरच्या भिंतीत ठोकला. तीन घाव. बशीएवढा गिलावा पडला. मी कॅलेंडर पलंगाखाली ठेवलं होतं, ते त्यांनीच काढून लावलं. मग काकांकडं वळल्या. "भिंत माझी असंल तर खिळा माझा. नसंल तर मला बी काढा उद्या. पोरीसंगट ट्रॉलीत बसते. हरभरा निघंपर्यंत मात्र कुणी हलणार न्हाय."

काका खिळ्याकडं बघत राहिले. तांब्याभर पाणी प्यायले. मग माझ्यासमोरच बाबांना फोन लावला. "संभाजीराव, उद्या ट्रॉली आणू नका." बाबांनी बहुतेक का म्हणून विचारलं. काका म्हणाले, "बसायला माणसं वाढलीत."

एक तारखेला ते घराला काकूंचं नाव लावायची चौकशी करायला गेले. जाताना म्हणाले, "अर्ज करतो." काकू म्हणाल्या, "करा." सोडपत्राचा कागद त्यांनी चुलीत घातला नाही, घडी करून डब्याखाली ठेवलाय. अक्षर चांगलं आहे म्हणे.

संक्रांतीला दहा दिवस राहिले. खोली आहे. नोकरी आहे. हरभऱ्याला घाटे धरलेत.

आजी, एक विचारू? वरच्या दोन एकरांवर तुझं नाव आहे ना? पन्नास वर्षं पाण्याची दारं तू धरलीस.

तुझी,
स्वरूपा


कऱ्हाटी,
९ जानेवारी २०२६

चि. स्वरूपास,

तुझं पत्र तीनदा वाचलं, खिळ्याचं चारदा. छबूबाईंना सांग, तीन घावात खिळा बसवणं गड्यांना बी जमत न्हाय. तुझा बाप मारतो तवा निम्मा खिळा वाकतो आन् निम्मा बोटात जातो.

इचारलंस तर सांगते. न्हाय.

तुझा आजा गेल्यावर नाव लागलं हुतं. वरसाच्या आत तुझा बाप कागद घिऊन आला. म्हणला, आई, एकाच नावावर असलं की कामं सोपी जात्यात. त्यात बी तसंच काहीतरी हुतं, असल्यास सोडत आहे. मी वाचलं न्हाय. सही करायला मिळती ह्याच नादात हुते. कचेरीतला साहेब म्हणला, "वा आजी, सही येती!" मी फुगले. येलांटी काढली, खाली रेघ बी ओढली. छबूबाईला सही येत न्हाय म्हणून तिनं आधी वाचून घेतलं. मला येती म्हणून मी करून मोकळी झाले. माझ्या तिसरीचा फायदा झाला, तो तुझ्या बापाला.

परवा रातचं न्हाय, भर दुपारी, सगळी जेवत असताना यंत्र कानात घातलं आन् म्हणलं, संभाजी, संक्रांत आली, खोली टिकली. भिगवणला निरोप दे, कपाकडं बघणारी दुसरी बघा म्हणावं. तो म्हणला, बघू. म्हणलं, बघून झालं. आन् दुसरं, मी उद्या वरच्या रानात बांधाकडंनं दोन तास हरभरा टाकणार हाय.

त्याचा घास हातातच राहिला. म्हणला, "आई, हंगाम गेला आता हरभऱ्याचा." म्हणलं, माझा कवा आला हुता? तुझी आई गालात हसली. भांडं आपटलं न्हाय, इतक्या वर्षांत पयल्यांदा.

टाकला. उगवंल न उगवंल. बापानं दोनदा बांधावर चक्कर मारली, बूट घालून, चिखलात. आता रावजीसारखा त्याला बी खुर्ची न्यावी लागंल.

भोगीच्या आदल्या दिवशी मी इंदापूरला येते. बाजरीचं पीठ, तीळ, गाजरं, घेवडा मी आणते. हरभरा तुमच्या वाफ्यातला. तुझी पेटी माळ्यावरनं खाली काढली, त्यात माझी लुगडी भरली. बापाला म्हणलं, ट्रॉली धुतलेलीच हाय, वाया कशाला घालवायची, मला सोडून ये. तोंड बघण्यासारखं झालं. म्हणला, "किती दिवसांसाठी?"

म्हणलं, अकरा महिने. करार तेवढ्याचाच असतो म्हणं.

छबूबाईंना म्हणावं, बत्ता आत ठेवू नका. कॅलेंडरच्या शेजारी अजून एक खिळा लागंल, माझ्या पिशवीला.

खाली सही शोधू नको. चुलीवरच्या तव्याची काजळी लावून अंगठा उठवलाय, पुसू नको.

तुझी आजी दगडाबाई हिचा हा अंगठा. सही येती, पर आता देत न्हाय.